मार्क्सच्या निबंधातला ज्यू

मागच्या महिन्यात आमच्या अभ्यासगटात कार्ल मार्क्सचा ‘ज्यू प्रश्नाविषयी’ हा निबंध वाचायला घेतला होता. दुसऱ्या भागापर्यंत पोचलो आणि बैठक मोडली. एका तरुण मित्रानं तिथल्या ओळी मोठ्यानं वाचल्या: ज्यूचा ऐहिक पंथ कोणता? घासाघीस. त्याचा ऐहिक देव कोणता? पैसा. पुस्तक मिटून तो म्हणाला, ‘हा माणूस उघड उघड ज्यूद्वेष्टा आहे. बाकीचं वाचायचं कशाला?’ आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ काका उसळून म्हणाले, ‘अरे, तो स्वतः ज्यू होता. आणि त्या काळी सगळेच असं बोलत.’ पुढचा तासभर हीच दोन वाक्यं आवाज चढवत इकडून तिकडे फिरत राहिली. त्या चार ओळींच्या आधी काय आहे आणि नंतर काय आहे, हे कुणी विचारलंच नाही.

हा वाद मी कित्येक वर्षं ऐकतो आहे. कधी तो फ्रेंच विचारवंत व्होल्तेरवरून होतो, कधी जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरवरून. २०१४ पासून हायडेगरच्या ‘काळ्या वह्या’ छापून येऊ लागल्या आणि त्यांत ‘जागतिक ज्यू समाजा’बद्दलच्या नोंदी सापडल्या, तेव्हाही तो असाच झाला. एका बाजूला माणसाला दोषी ठरवून त्याची पुस्तकं कपाटातून काढायची असतात, दुसरीला त्याला सोडवून पुस्तकं जागच्या जागी ठेवायची असतात. मजकुराकडे दोघांचंही लक्ष नसतं. माझं म्हणणं असं आहे की विचारवंताच्या लिखाणात पूर्वग्रह सापडला, तर तो त्याच्या युक्तिवादात नेमका कुठे बसला आहे आणि तिथे काय काम करतो आहे, हे शोधावं. तो काढून घेतला तर मागे काय उरतं, ते पाहावं. या कसोटीवर मार्क्सच्या निबंधाचा पहिला भाग आजही टिकतो, दुसरा पडतो. आणि दुसरा भाग केवळ माणुसकीच्या दृष्टीनं नव्हे, विचार म्हणूनही पडतो.

आधी १८४४ साली छापून आलेला हा निबंध कशासाठी लिहिला गेला ते पाहू. ब्रूनो बाउअर या तत्त्ववेत्त्यानं ज्यूंच्या नागरी हक्कांच्या मागणीवर टीका केली होती. त्याचं म्हणणं, ज्यूनं ज्यू राहून नागरिक होण्याची मागणी करू नये. आधी त्यानं धर्म सोडावा, ख्रिश्चनांनीही सोडावा, मगच मुक्तीची भाषा बोलावी. मार्क्सनं याला दिलेलं उत्तर स्वच्छ आहे. उत्तर अमेरिकेतल्या राज्यांकडे बोट दाखवून तो म्हणतो, तिथे राज्याला धर्म नाही, तरी माणसं कमालीची धार्मिक आहेत. म्हणजे राजकीय मुक्तीसाठी धर्म सोडण्याची अट लागत नाही, आणि ती अट घालणाऱ्याला राजकीय मुक्ती म्हणजे काय हेच कळलेलं नाही. ‘तुम्ही आधी बदला, मग हक्क मागा’ हे वाक्य अल्पसंख्याकांना, दलितांना, स्त्रियांना जगभर किती वेळा ऐकवलं गेलं आहे! पंचविशीतल्या मार्क्सनं त्याचा पाया खणून काढला. पुढच्याच वर्षी, १८४५ साली, मित्र आणि सहलेखक एंगल्ससोबत लिहिलेल्या ‘पवित्र कुटुंबा’त त्यानं आणखी स्पष्ट केलं की जे राज्य ज्यूंना राजकीय हक्क देऊ शकत नाही ते मागासलेलं राज्य आहे.

म्हणून मार्क्सच्या बचावातला हा सर्वांत भक्कम मुद्दा मी पूर्ण मान्य करतो: ज्यूंच्या हक्कांच्या प्रश्नावर तो ज्यूंच्या बाजूनं उभा होता. मार्च १८४३ मध्ये कोलोनच्या ज्यू समाजाचा प्रमुख त्याच्याकडे प्रांतिक सभेला द्यायच्या अर्जासाठी मदत मागायला आला, तेव्हा मार्क्सनं होकार दिला. आपला सहकारी संपादक आर्नोल्ड रूगेला हे कळवताना त्यानं लिहिलं की ज्यूंचा धर्म मला कितीही नकोसा वाटत असला तरी मी हे करणार आहे. हे वाक्य दोन्ही बाजूंनी नीट वाचावं. नकोसं वाटणं खरं आहे, आणि मदत करणंही खरं आहे.

आता काकांच्या दोन वाक्यांकडे येतो. ‘तो स्वतः ज्यू होता.’ ट्रिअर शहरातल्या धर्मगुरूंच्या घराण्यात त्याचा जन्म झाला हे खरं; आजोबा रब्बी, चुलते रब्बी. पण वडील हाइनरिख मार्क्स वकील होते, आणि प्रशियाच्या राजवटीत ज्यूला वकिली करता येणार नाही असं दिसल्यावर त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८२४ साली सहा वर्षांच्या कार्ललाही बाप्तिस्मा दिला गेला. बरं, समजा तो आयुष्यभर शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, पाळणारा असता, तरी त्यामुळे त्याच्या वाक्याचा अर्थ बदलला असता का? जन्मानं कुणाला पूर्वग्रहाची लस मिळत नाही. इझाक द पिंतो हा अॅमस्टरडॅमचा ज्यू विद्वान. व्होल्तेरनं ज्यूंबद्दल लिहिलेल्या विखारी मजकुराला त्यानं १७६२ च्या सुमारास उत्तर दिलं, पण त्या उत्तरात बचाव मुख्यतः पोर्तुगीज वंशाच्या सुसंस्कृत ज्यूंचा होता. जर्मनी-पोलंडच्या गरीब ज्यूंना त्यानं वेगळ्या पंगतीत बसवलं. मोझेस हेस हा मार्क्सचा सहकारी, तोही ज्यू, आणि पैशाच्या पूजेचा ज्यू धर्माशी सांधा जोडणारं लेखन त्यानंही त्याच काळात केलं. पुढे १८६२ साली याच हेसनं ‘रोम आणि जेरुसलेम’ लिहून ज्यूंच्या राष्ट्रीयत्वाची बाजू मांडली. जातीच्या उतरंडीत वाढलेल्या आपल्याला हे नवं नसावं. खालच्या पायरीवरून वर चढलेला माणूस मागे राहिलेल्यांबद्दल वरच्यांच्याच भाषेत बोलू लागतो, हे आपण घरोघरी पाहतो.

दुसरं वाक्य, ‘त्या काळी सगळेच असं बोलत’, हे तर सरळ चूक आहे. क्रिस्टियान डोम या प्रशियन अधिकाऱ्यानं १७८१ सालीच ज्यूंच्या नागरी सुधारणेवर ग्रंथ लिहून ठेवला होता. ज्यूंमध्ये जे दोष दिसतात ते त्यांच्यावर लादलेल्या बंधनांमुळे आले आहेत, असं त्याचं प्रतिपादन होतं. फ्रान्सनं १७९१ मध्ये ज्यूंना नागरिकत्व दिलं. इंग्लंडमधलं उदाहरण तर आपल्या अगदी जवळचं आहे. १८३० साली ब्रिटिश पार्लमेंटमध्ये ज्यूंवरची बंधनं उठवण्याचं विधेयक रॉबर्ट ग्रँट यांनी आणलं. हेच ग्रँट पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले, १८३८ साली पुण्याजवळ दापोडीला वारले, आणि भायखळ्याचं ग्रँट मेडिकल कॉलेज त्यांच्याच नावाचं आहे. त्या विधेयकाच्या बाजूनं पार्लमेंटमधलं आपलं पहिलं भाषण केलं ते मेकॉलेनं. युरोपातल्या चांगल्या ग्रंथालयाचं एक फडताळ भारत-अरबस्तानच्या सगळ्या साहित्याच्या तोडीचं आहे, असं १८३५ साली लिहिणाऱ्या त्याच मेकॉलेनं. ज्यूंना संपत्ती मिळवायची मुभा देऊन सत्ता नाकारण्यात काय अर्थ आहे, असा त्याचा सवाल होता. एका माणसाला एका ठिकाणी लख्ख दिसतं आणि दुसऱ्या ठिकाणी दिसत नाही, याचं यापेक्षा ठळक उदाहरण मला माहीत नाही. पण काळाच्या नावानं सूट मागणाऱ्यांना मात्र मेकॉलेनं अडचणीत टाकलं आहे. मार्क्सच्या चौदा वर्षं आधी वेगळं बोलणं शक्य होतं, आणि भर पार्लमेंटमध्ये ते बोललं गेलं होतं.

बचावाचा आणखी एक मुद्दा जाणकार लोक मांडतात आणि तो हलका नाही. त्या काळच्या जर्मनमध्ये ‘यूडेनटूम’ या शब्दाला ज्यू धर्म, ज्यू समाज या अर्थांसोबत ‘व्यापार, सौदेबाजी’ अशीही छटा होती. मार्क्स त्या श्लेषावर खेळतो आहे. ‘ज्यूंची सामाजिक मुक्ती म्हणजे समाजाची ज्यूपणापासून मुक्ती’ हे शेवटचं वाक्य माणसांविषयी नसून पैशाच्या सत्तेविषयी आहे, असं ते म्हणतात. भाषेपुरतं हे बरोबर आहे. पण आपल्या भाषेत तो प्रयोग करून बघा. मराठीत चिक्कू माणसाला ‘मारवाडी’ म्हणतात, आणि म्हणणारा खात्रीनं सांगतो की मला वृत्ती म्हणायची आहे, समाज नाही. आता कुणी गंभीर लेखकानं लिहिलं की ‘महाराष्ट्राची मुक्ती म्हणजे मारवाडीपणापासून मुक्ती’, आणि टीप दिली की हा शब्द मी लाक्षणिक अर्थानं वापरला आहे. लातूरच्या किंवा जालन्याच्या शाळेतल्या मारवाडी मुलीला ती टीप ऐकू येईल का? भाषेनं दोन गोष्टी एका शब्दात घट्ट बांधल्या आहेत, हाच तर पूर्वग्रह. विचारवंताचं काम ती गाठ सोडवण्याचं असतं. मार्क्सनं ती गाठ तशीच ठेवून तिच्यावर निबंधाचा शेवट बांधला.

मारवाड्यांचं उदाहरण मी उगाच घेतलं नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले आणि ती लाट पुणे-अहमदनगर भागात पसरली. सावकार बहुतेक गुजराती आणि मारवाडी होते. शेतकऱ्यांचा राग खरा होता, त्याला कारणंही खरी होती: रोखीनं भरायचा वाढीव शेतसारा, अमेरिकन यादवी युद्ध संपल्यावर कोसळलेले कापसाचे भाव, आणि कर्जखतावर डोळे झाकून हुकूमनामा देणारी नवी दिवाणी न्यायालयं. लोकांनी अनेक ठिकाणी मागितली ती कर्जखतं, आणि जाळली तीही खतंच. जिवावर उठण्याचे प्रकार फारसे झाले नाहीत. खत म्हणजे काय हे त्या शेतकऱ्यांना अचूक कळलं होतं. पण नंतरच्या सांगण्यात यातून काय उरलं? ‘मारवाडी लुबाडतो’. शेतसारा गेला, न्यायालय गेलं, कापसाचा बाजार गेला. एक चेहरा तेवढा राहिला. दुष्काळी तालुक्यातल्या माणसाला कर्जाच्या जाळ्यात ओढणारी जी व्यवस्था होती ती समजून घेण्याचा रस्ता त्या एका चेहऱ्यानं बंद केला.

मार्क्सच्या दुसऱ्या भागात नेमकं हेच होतं. पैशानं माणसामाणसातलं नातं गिळलं आहे, माणूस आपल्याच श्रमाला परका झाला आहे, हा विचार त्याला तिथे सुचतो आहे. मोठा विचार आहे. पण पैसा ही सत्ता कुठून आली, कशी चालते, हे अजून त्याला सांगता येत नाही. अर्थशास्त्राचा अभ्यास त्यानं नुकता कुठे हाती घेतला होता. जिथे कारण द्यायला हवं होतं तिथे त्यानं एक माणूस उभा केला, ज्यू. स्पष्टीकरणाची रिकामी जागा प्रतिमेनं भरली. मग स्वाभाविक प्रश्न त्याला पडलेच नाहीत. ज्यू सावकारी का करत? कारण ख्रिश्चन कारागिरांच्या संघांनी त्यांना कारागिरीत शिरू दिलं नाही, बहुतेक ठिकाणी जमीन बाळगायला बंदी होती, आणि व्याज घेणं ख्रिश्चनांना निषिद्ध म्हणून ते काम त्यांच्याकडे ढकललं गेलं. किती ज्यू सावकारी करत? रॉथ्सचाइल्ड हे धनाढ्य बँकवाल्यांचं घराणं सगळ्यांना दिसत होतं. पोलंड-रशियाच्या गावांत शिवणकाम करणारे, पाठीवर गाठोडं घेऊन फिरणारे लाखो ज्यू या निबंधात कुठेच नाहीत. त्याच्या वडिलांना हे ठाऊक होतं. नेपोलियननं १७ मार्च १८०८ रोजी एक हुकूम काढून ज्यूंच्या कर्जव्यवहारांवर आणि व्यापारावर खास बंधनं घातली होती. १८१५ साली, कार्लच्या जन्माच्या तीन वर्षं आधी, हाइनरिख मार्क्सनं त्या हुकमाविरुद्ध निवेदन लिहिलं. काहींच्या दोषासाठी सगळ्या समाजाला शिक्षा देण्याला त्यांचा विरोध होता. वडिलांच्या त्या साध्या वकिली निवेदनात मुलाच्या तेजस्वी निबंधापेक्षा अधिक समाजशास्त्र आहे, असं मला वाटतं.

आणि पुढे काय झालं ते पाहिलं की माझ्या तरुण मित्रालाही उत्तर मिळतं. १८६७ साली ‘भांडवला’चा पहिला खंड आला. त्यात शोषण घडतं ते इंग्लंडच्या कापडगिरण्यांत, कुंभारकामाच्या भट्ट्यांत, आगपेट्यांच्या कारखान्यांत. मालक बहुतेक सगळे चर्चला जाणारे प्रॉटेस्टंट आहेत. त्यांच्या स्वभावाचा प्रश्नच येत नाही. मालक दयाळू असला तरी अतिरिक्त मूल्य, म्हणजे मजुरी देऊन मालकाकडे उरणारं कामगाराच्या श्रमाचं मोल, निघतंच. ज्यूची गरज या विश्लेषणाला कुठेही लागत नाही. जुनी सवय सुटली असं मात्र नाही. याच ग्रंथात वस्तू म्हणजे ‘आतून सुंता झालेले ज्यू’ असा एक प्रयोग येतो. आणि ३० जुलै १८६२ च्या एंगल्सला लिहिलेल्या पत्रात जर्मन समाजवादी नेता लासालबद्दल ज्यू आणि काळे दोघांना एका शिवीत गोवणारा मजकूर आहे, जो वाचून आजही शरम वाटते. ते मी झाकणार नाही. पण त्या ओळी ग्रंथातून खोडल्या तर युक्तिवादाची एक वीटही हलत नाही. १८४४ च्या निबंधाच्या दुसऱ्या भागातून ‘ज्यू’ खोडा, मागे जवळजवळ काही राहत नाही. एकाच माणसाच्या दोन लिखाणांतला हा फरक ज्याला दिसत नाही, त्यानं मार्क्सची निंदा केली काय आणि स्तुती केली काय, दोन्ही सारखंच.

हा फरक इतका ताणून धरण्याचं कारण असं, की काही सिद्धान्तांना तो चेहरा लागतोच. पिएर-जोसेफ प्रूदाँ हा फ्रेंच समाजवादाचा एक जनक. त्याच्या खासगी वहीत २६ डिसेंबर १८४७ ची नोंद आहे: या वंशाला फ्रान्समधून हाकलावं, त्यांची प्रार्थनास्थळं बंद करावीत, त्यांना आशियात परत पाठवावं किंवा नष्ट करावं. प्रूदाँचे चाहते म्हणतात, वहीतली नोंद आहे, प्रसिद्ध केलेली नाही, सिद्धान्ताशी तिचा संबंध नाही. मला संबंध दिसतो. प्रूदाँच्या मते कष्ट करणारा, वस्तू घडवणारा, छोटा मालकसुद्धा निर्दोष. सगळं पाप व्याजात. म्हणून १८४९ साली त्यानं बिनव्याजी कर्जाची लोकबँक काढायचा घाट घातला. एकदा उत्पादन शुद्ध आणि व्याज अशुद्ध अशी फाळणी केली, की अशुद्ध बाजूला कोण बसलं आहे ते दाखवावं लागतं, आणि युरोपच्या डोक्यात ती खुर्ची आठशे वर्षं ज्यूसाठी राखीव होती. रशियन अराजकतावादी बाकुनिननं १८७१ साली तर कमाल केली: हे सगळं रक्तपिपासू ज्यू विश्व एका बाजूला मार्क्सच्या आणि दुसऱ्या बाजूला रॉथ्सचाइल्डच्या दिमतीला आहे, असं त्यानं लिहिलं. या फाळणीचा शेवट आपल्याला माहीत आहे. २४ फेब्रुवारी १९२० रोजी म्युनिकमध्ये नाझी पक्षाचा पंचवीस कलमी कार्यक्रम वाचला गेला. त्यातलं अकरावं कलम ‘व्याजाच्या गुलामगिरी’च्या उच्चाटनाचं होतं आणि चौथं कलम ज्यूला नागरिक होता येणार नाही हे सांगणारं. घडवणारं भांडवल जर्मन, ओरबाडणारं भांडवल ज्यू. ‘व्याज हा अतिरिक्त मूल्याचाच एक वाटा आहे, गिरणीमालक आणि सावकार एकाच ताटातले’ हे प्रौढ मार्क्सचं म्हणणं या फाळणीलाच नाकारतं. माझ्या दृष्टीनं मार्क्स वाचत राहण्याचं हे एक मोठं कारण आहे, आणि तरुण मार्क्स कुठे घसरला ते याच कारणानं कळतं.

‘हे सगळं पुस्तकी आहे, एका निबंधानं कुणाचं काय बिघडलं?’ असं विचारणारेही आहेत. निबंधानं कत्तल घडवली असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं इतिहासाशी बेइमानी ठरेल. हिटलरच्या लेखी मार्क्सवाद हाच ज्यूंचा कट होता. पण डाव्या चळवळीच्या कानावर हा सूर सवयीचा झाला होता, आणि त्याची किंमत मोजावी लागली. ज्यू लष्करी अधिकारी आल्फ्रेड ड्रेफसला १८९४ मध्ये खोट्या पुराव्यावर देशद्रोही ठरवलं गेलं. १३ जानेवारी १८९८ रोजी कादंबरीकार झोलानं राष्ट्राध्यक्षांना उद्देशून आपलं जगप्रसिद्ध खुलं पत्र छापलं. त्याच महिन्यात फ्रान्सच्या समाजवादी प्रतिनिधींनी पत्रक काढलं की हे भांडवलदारांचं आपसातलं भांडण आहे, कामगारांनी यात पडू नये. ज्यू भांडवलदारांना स्वतःची पत धुऊन घ्यायची आहे, असाही त्याचा सूर होता. सही करणाऱ्यांत समाजवादी नेता जाँ जोरेस होता. काही महिन्यांतच तो बदलला, पुरावे तपासायला बसला आणि ड्रेफसच्या निर्दोषत्वासाठी लेखमाला लिहू लागला. ज्याच्यावर अन्याय झाला आहे तो कुठल्या वर्गाचा आहे हे बघून माणुसकीचा हिशेब करायचा नसतो, हे त्यानं आपल्या सोबत्यांना पटवायला घेतलं. तो बदलू शकला याला मी फार महत्त्व देतो. नोव्हेंबर १९५२ मध्ये प्रागच्या स्लान्स्की खटल्यात, म्हणजे चेकोस्लोव्हाकियाच्या कम्युनिस्ट सरकारनं आपल्याच नेत्यांवर भरलेल्या खटल्यात, तसं कुणी उभं राहिलं नाही. चौदा आरोपींपैकी अकरा ज्यू होते, आरोपपत्रात त्यांचं ज्यू मूळ मुद्दाम नोंदवलं होतं, आणि अकरा जणांना फासावर चढवलं गेलं. मार्क्सचं नाव घेणारं सरकार होतं ते.

आता तीच कसोटी दुसऱ्या टोकाला लावतो, कारण मार्क्सच्या ओळी हातात घेऊन नाचणाऱ्यांना ती बहुधा नको असते. कार्ल श्मिट या कायदेपंडिताचं राजकारणाबद्दलचं लेखन आज जगभर, डावे-उजवे दोघेही, आदरानं उद्धृत करतात. १ मे १९३३ ला तो नाझी पक्षात गेला. त्याच वर्षी कोलोन विद्यापीठातून हान्स केल्सन या कायदेपंडिताला ज्यू म्हणून काढलं गेलं, तेव्हा प्राध्यापकांनी त्याच्या बाजूनं काढलेल्या पत्रावर एकट्या श्मिटनं सही केली नाही. ऑक्टोबर १९३६ मध्ये बर्लिनला परिषद भरवून त्यानं सुचवलं की ज्यू लेखकाचा संदर्भ द्यावा लागलाच, तर नावापुढे तो ज्यू असल्याचं नमूद करावं. इथे पूर्वग्रह सिद्धान्तापासून सोडवता येतो का? राजकारण म्हणजे मित्र आणि शत्रू ओळखणं, आणि शत्रू म्हणजे अस्तित्वानंच परका असणारा, अशी व्याख्या केल्यावर तो परका कोण हे ठरवायला पुरावा लागत नाही. मला ती सोडवणूक फार कठीण दिसते. श्मिट वाचावा, पण ही गाठ समोर ठेवून वाचावा.

आपल्या घरातलंही बोलायला हवं. १९३९ साली नागपुरातून गोळवलकरांच्या नावावर ‘वुई ऑर अवर नेशनहूड डिफाइन्ड’ हे पुस्तक प्रसिद्ध झालं. वंश आणि संस्कृती शुद्ध राखण्यासाठी जर्मनीनं ज्यूंना देशातून निपटून जगाला धक्का दिला, वंशाभिमानाचं ते अत्युच्च रूप होय, आणि हिंदुस्थाननं त्यापासून धडा घ्यावा, असा मजकूर त्यात आहे. त्याचे समर्थक सांगतात की तेव्हा मृत्युछावण्या सुरू झाल्या नव्हत्या, की पुढे राष्ट्रीय स्वयंसेवक संघानं या पुस्तकापासून अंतर ठेवलं, की याच विचारधारेत इस्रायलविषयी मोठा आदर आहे. तिन्ही गोष्टी मी मान्य करतो. पण नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीभर प्रार्थनास्थळं जाळली गेली होती आणि त्याच्या बातम्या जगभर पोचल्या होत्या. आणि राष्ट्राची व्याख्याच वंश-धर्म-संस्कृतीच्या एकजिनसीपणावर उभी केली असेल, तर ती ओळ गिलाव्याची उरत नाही. पायातला दगड होते. ज्या समाजाच्या निपटण्यातून धडा घ्यायचा होता तो परदेशी नव्हता. अलिबाग, पेण, रोहा, रेवदंड्याला शेकडो वर्षं तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवले जाणारे, घरात मराठी बोलणारे बेने इस्रायल ज्यू तेव्हा कोकणात आणि मुंबईत नांदत होते. अनेकांनी मुंबईच्या पलटणींत नोकरी केली होती. मार्क्सच्या निबंधातला घासाघीस करणारा ज्यू आणि नागपूरच्या पुस्तकातला अनिष्ट ज्यू, दोघांनाही अलिबागजवळच्या नवगावच्या एखाद्या घाण्यावर नेऊन उभं करावं, आणि विचारावं की ओळख पटते का.

माझ्या तरुण मित्राला वाटतं की या सगळ्यामुळे वाचणं मलिन होतं. त्याच्या चिडण्यात मला खोट दिसत नाही. ज्यांचा अपमान झाला आहे त्यांच्या बाजूनं चिडणं ही वाचकाची पहिली शुद्ध प्रतिक्रिया असते, आणि काकांनी ती ‘काळाचा प्रभाव’ म्हणून झटकायला नको होती. पण पुस्तक मिटल्यानं ती ओळ पुसली जात नाही. ती ज्या युक्तीनं उभी राहिली ती युक्ती, म्हणजे व्यवस्थेच्या जागी एक चेहरा बसवण्याची, दुसरीकडे जशीच्या तशी चालू राहते. व्होल्तेरनं पिंतोला उत्तर देताना कबूल केलं होतं की आपल्या ओळी कठोर आणि अन्यायकारक आहेत, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. त्या दुरुस्त झाल्या नाहीत. लेखकानं केली नाही ती दुरुस्ती वाचकालाच समासात करावी लागते, आणि त्यासाठी पुस्तक उघडं लागतं.

मार्क्सच्या बाबतीत ती दुरुस्ती त्याच्या जवळच्या माणसांनीही केली. १८९० साली व्हिएन्नाच्या कामगार वर्तमानपत्रात एंगल्सचं ज्यूद्वेषाविषयीचं पत्र छापलं गेलं. त्यात तो सांगतो की ज्यूद्वेष ही मरू घातलेल्या जुन्या वर्गांची प्रतिक्रिया आहे. दहा हजार मार्क मिळवून वीस हजार उडवणारे जमीनदार सावकाराच्या हाती सापडतात आणि मग ज्यूंच्या नावानं ओरडतात. आणि मग तो मोजून दाखवतो तेच, जे १८४४ च्या निबंधात नव्हतं: इंग्लंड-अमेरिकेतले हजारो ज्यू कामगार, सर्वांत पिळले जाणारे, सर्वांत गरीब, ज्यांनी गेल्या वर्षभरात इंग्लंडमध्ये तीन संप केले. त्याच वर्षी मार्क्सची धाकटी मुलगी एलिनॉर लंडनच्या ईस्ट एंडमध्ये या ज्यू शिंपी कामगारांमध्ये काम करत होती. त्यांच्याशी बोलता यावं म्हणून ती यिडिश शिकली. रशियात ज्यूंचा छळ चालला होता, त्याच्या निषेधाची सभा नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला ठरली. बोलायला येण्याचा होकार कळवताना तिनं लिहिलं की मला याचा अधिकच आनंद वाटतो, कारण माझे वडील ज्यू होते.

पुढच्या बैठकीसाठी मी गटाला तीन मजकूर सुचवले आहेत: वडील हाइनरिख मार्क्सचं १८१५ चं निवेदन, मुलाचा १८४४ चा निबंध दोन्ही भागांसकट, आणि नातीचं १८९० चं हे छोटंसं पत्र. तरुण मित्रानं येतो म्हणून कळवलं आहे. काका निवेदनाचा मराठी तर्जुमा करायला बसले आहेत.